तज्ज्ञाची साक्ष आणि ओलं सरपण



गेल्या दोन व्याख्यानांत आपण शब्दप्रमाणाविषयी बोललो. आप्त म्हणजे कोण, आणि दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं हे ज्ञानाचं साधन कसं ठरतं, ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता: सर, हे न्यायदर्शन वगैरे ठीक आहे, पण आज त्याचा उपयोग कुठे होतो? म्हणून आज एक खटला घेतो. खटला इंग्लंडमधला आहे, न्यायदर्शनाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण त्याची दोन निकालपत्रं वाचताना मला वारंवार नैयायिकांची आठवण येत राहिली. ती का, हे सांगण्याचा आजचा प्रयत्न.

आधी हकीकत. सॅली क्लार्क ही इंग्लंडमधली सॉलिसिटर, म्हणजे स्वतः वकीलच. तिचा पहिला मुलगा डिसेंबर १९९६ मध्ये अकरा आठवड्यांचा असताना घरात अचानक गेला. दुसरा मुलगा जानेवारी १९९८ मध्ये, आठ आठवड्यांचा असताना गेला. दोन्ही वेळा आई घरात होती. पोलिसांनी तिच्यावर दोन्ही मुलांच्या खुनाचा आरोप ठेवला. चेस्टर इथल्या क्राउन कोर्टात ज्युरीपुढे खटला चालला. ९ नोव्हेंबर १९९९ रोजी ज्युरीने दहा विरुद्ध दोन अशा बहुमताने तिला दोषी ठरवलं. शिक्षा जन्मठेप.

या खटल्यात सरकारी पक्षाचे एक तज्ज्ञ साक्षीदार होते प्रोफेसर सर रॉय मेडो, बालरोगशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांनी ज्युरीपुढे एक आकडा ठेवला. अशा सुस्थितीतल्या कुटुंबात एक बाळ कॉट डेथने, म्हणजे निदान न होणाऱ्या कारणाने झोपेत अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ त एक. दोन बाळं तशी जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. म्हणजे साऱ्या ब्रिटनमध्ये असं शंभर वर्षांत एकदा घडेल.

हा खटला आता इतका प्रसिद्ध आहे की संख्याशास्त्राच्या वर्गात तो उदाहरण म्हणून शिकवतात. गोष्ट अशी सांगतात: एका डॉक्टरने गुणाकारात घोटाळा केला, निरपराध आई तुरुंगात गेली, मग चूक सापडली आणि ती सुटली. माझा आक्षेप या गोष्टीवर आहे. तिचा पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि शेवटचा भाग खरा नाही. ती चूक सापडल्यामुळे सुटली नाही. चूक सापडल्यावरही ती आणखी दोन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होती. हे असं का झालं, हा आजचा खरा प्रश्न.

आता त्या आकड्याकडे नीट बघू या. ८,५४३ हा आकडा मेडोंनी मनाने काढलेला नव्हता. इंग्लंडच्या पाच विभागांत अर्भकमृत्यूंचा एक मोठा अभ्यास झाला होता, त्यातला तो होता. त्या अभ्यासात सर्वसाधारण प्रमाण होतं साधारण १,३०० बाळांमागे एक. मग घरात कुणी सिगारेट ओढत नाही, घरात कमावतं माणूस आहे, आई फार लहान वयाची नाही, अशा जमेच्या बाजू धरल्या की ते प्रमाण ८,५४३ त एकवर येतं. इथे पहिली गोम आहे. क्लार्क कुटुंबाच्या ज्या गोष्टी धोका कमी करतात त्या धरल्या. ज्या धोका वाढवतात त्या धरल्याच नाहीत. दोन्ही बाळं मुलगे होती, आणि मुलग्यांमध्ये कॉट डेथचं प्रमाण मुलींपेक्षा जास्त असतं, हे तेव्हाही माहीत होतं.

दुसरी गोम सर्वांना ठाऊक असलेली. ८,५४३ गुणिले ८,५४३ म्हणजे साधारण ७ कोटी ३० लाख. गुणाकार बरोबर आहे! शाळेतल्या मुलालाही तो तपासता येईल. प्रश्न असा आहे की गुणाकार करायचाच कशाला? दोन घटनांच्या शक्यतांचा असा सरळ गुणाकार तेव्हाच करता येतो, जेव्हा त्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात. मेडोंनी घोड्यांच्या शर्यतीचा दाखला दिला होता. ग्रँड नॅशनलच्या शर्यतीत ऐंशीला एक भाव असलेल्या घोड्यावर पैसे लावले आणि तो जिंकला, पुढच्या वर्षी तसाच दुसरा घोडा निवडला आणि तोही जिंकला, असं ओळीने चार वर्षं झालं, तर ते जितकं दुर्मीळ, तितकं हे दुर्मीळ.

दाखला ऐकायला छान आहे. ज्युरीच्या डोक्यात तो पक्का बसला असणार. पण बघा, शर्यतीत दर वर्षी घोडा वेगळा, मैदानावरची हवा वेगळी. आणि त्या घरात? आई तीच, बाप तोच, रक्त तेच. आनुवंशिक दोष असेल तर दोघा भावांत तो येऊ शकतो. एक बाळ गेलं असेल तर त्याच घरात दुसरं जाण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असणं हेच जास्त संभाव्य. गंमत म्हणजे ज्या अहवालातून आकडा घेतला, त्याच अहवालात इशारा होता की या वर्गाच्या आकड्यात कुटुंबातल्या इतर समान कारणांचा हिशोब धरलेला नाही.

इथे मला नैयायिक आठवतात. आपण शिकलो ते आठवा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान व्याप्तीवर उभं आहे: जिथे धूर तिथे अग्नी. पण कुणी उलटं म्हणालं की जिथे अग्नी तिथे धूर, तर नैयायिक लगेच तापलेला लोखंडाचा गोळा पुढे ठेवतो. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर केव्हा होतो? सरपण ओलं असेल तेव्हा. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. अनुमान करणाऱ्याने न सांगितलेली, कधी कधी त्यालाही न दिसलेली अट, जिच्या जोरावर ते अनुमान खरं भासतं. प्रतिपक्षाचं काम काय? समोरचा माणूस खोटारडा आहे हे दाखवणं नव्हे. त्याच्या अनुमानातली उपाधी शोधून सभेपुढे ठेवणं.

मेडोंच्या अनुमानातलं ओलं सरपण म्हणजे 'दोन मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र' ही न सांगितलेली अट. ती काढून घेतली की ७ कोटी ३० लाख हा आकडा उभा राहत नाही.

मग तेव्हा बचाव पक्षाने काय केलं? काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. बचावाच्या बाजूच्या एका तज्ज्ञाने, जे स्वतः त्या अभ्यासाच्या संपादकांपैकी होते, ज्युरीला सांगितलं की असा सरळ गुणाकार करणं म्हणजे गोष्ट फार सोपी करून टाकणं. न्यायमूर्तींनीही ज्युरीला बजावलं की या न्यायालयांत केवळ आकडेवारीवर कुणाला दोषी ठरवत नाहीत. पण मूळ खटल्यात बचावाने एकही संख्याशास्त्रज्ञ उभा केला नाही. एका डॉक्टरने आकडा दिला आणि दुसऱ्या डॉक्टरने तो खोडला. ज्युरीच्या लेखी ते दोन डॉक्टरांचं मतांतर झालं. मतांतर झालं की माणूस काय करतो? ज्याचं नाव मोठं त्याच्या बाजूला झुकतो.

आणि इथेच आपली आप्ताची चर्चा कामाला येते. न्यायभाष्यात वात्स्यायनाने आप्ताची लक्षणं सांगितली आहेत, ती तुम्हाला आठवत असतील: ज्याने ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी असो, आर्य असो, म्लेंच्छ असो, लक्षण सर्वांना सारखंच लागू. म्हणजे आप्तपण पदवीला चिकटलेलं नाही, त्या विषयाच्या ज्ञानाला चिकटलेलं आहे. मेडोंच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. पुढे २००५ मध्ये तिथल्या मेडिकल कौन्सिलने त्यांचं नाव नोंदवहीतून काढलं, पण २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला; ते सद्भावनेने बोलले, हे तिथे मान्य झालं. तर दुसरं लक्षण त्यांना लागू होतं. पहिलं? बाळांच्या आजारांबाबत ते आप्त होतेच. शक्यतांच्या गणिताबाबत नव्हते. साक्षीच्या मधोमध त्यांनी आपला प्रांत ओलांडला आणि कुणी त्यांना हटकलं नाही. उलटतपासणीत विचारायला हवा होता तो प्रश्न अगदी साधा आहे: "प्रोफेसर, हा गुणाकार तुम्ही डॉक्टर म्हणून करता आहात की आणखी कुणी म्हणून?"

आता तिसरी गोम, आणि ही सर्वांत महत्त्वाची. समजा मेडोंचा आकडा बरोबर असता. क्षणभर धरून चालू की खरोखरच एका कुटुंबात दोन कॉट डेथ होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे. त्यावरून आई दोषी ठरते का?

मंडळी, ठरत नाही. समजा, एका लॉटरीची एक कोटी तिकिटं खपली आणि सोडतीत एका माणसाला पहिलं बक्षीस लागलं. सरळ मार्गाने बक्षीस लागण्याची शक्यता कोटीत एक. म्हणून आपण त्याला असं म्हणतो का की तू लबाडी केली नसशील याची शक्यता कोटीत एक? नाही म्हणत. कारण 'निर्दोष असेल तर असं घडण्याची शक्यता' आणि 'असं घडलंय तर निर्दोष असण्याची शक्यता' या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. धुरावरून अग्नीकडे जाणं आणि अग्नीवरून धुराकडे जाणं यांत जो फरक, तोच इथे.

आणि तुलना कशाशी करायची? दोन बाळांचा कॉट डेथ दुर्मीळ आहे, मान्य. पण आईने आपली दोन तान्ही मुलं एकापाठोपाठ मारणं हे काय रोज घडतं? तेही अत्यंत दुर्मीळ. दोन दुर्मीळ गोष्टींपैकी एक घडलेली आहे हे नक्की आहे. तेव्हा त्यांतली कोणती कमी दुर्मीळ, हा प्रश्न. रे हिल नावाच्या गणितज्ञाने २००४ मध्ये उपलब्ध आकडेवारीवरून अंदाज मांडला की दोन कॉट डेथ हे दोन खुनांपेक्षा साडेचार ते नऊ पट अधिक संभाव्य आहेत. हा अंदाजही अंतिम नाही. वैद्यकीय पुरावा तपासायच्या आधी तराजू कुठे झुकलेला आहे, एवढंच तो सांगतो. पण ज्युरीला सांगितलं गेलं होतं की तराजू सात कोटी पटीने आईच्या विरुद्ध झुकलेला आहे.

म्हणून मी म्हणतो की 'गुणाकार चुकला' हे अर्धंच सत्य आहे. आकडा खोडून काढण्यात बचावाची शक्ती गेली, आणि आकड्यापासून गुन्ह्यापर्यंत जी उडी मारली गेली तिच्याकडे कुणी पुरेसं पाहिलं नाही. वकिलाने तज्ज्ञाला 'तुमचा आकडा चुकीचा आहे' म्हणण्याआधी विचारायला हवं, 'तुमचा आकडा बरोबर असला, तर त्यावरून नेमकं काय सिद्ध होतं?'

आता पहिल्या अपिलाकडे येऊ. ऑक्टोबर २००० मध्ये निकाल लागला. या वेळी संख्याशास्त्रज्ञांची लेखी मतं न्यायालयापुढे होती. गुणाकाराची अडचण न्यायाधीशांना कळली नाही असं नाही. तरी अपील फेटाळलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: आकड्याचा मुद्दा खटल्यात गौण होता, बाकीचा पुरावा इतका भक्कम आहे की आकडा बाजूला ठेवला तरी निकाल तोच लागला असता.

हे निकालपत्र मला फार शिकण्यासारखं वाटतं, कारण त्यात तीच चूक पुन्हा झाली आहे. बाकीचा पुरावा म्हणजे काय? मुख्यतः शवविच्छेदनातल्या खुणा आणि त्यांचा अर्थ. पहिल्या बाळाच्या वेळी पॅथॉलॉजिस्टने मृत्यूचं कारण श्वसनमार्गाचा संसर्ग असं लिहिलं होतं. दुसरं बाळ गेल्यावर त्याच डॉक्टरने पहिल्याकडे पुन्हा पाहिलं आणि आता त्या खुणा गुदमरवल्याच्या वाटू लागल्या. दुसऱ्या बाळाच्या बाबतीत आधी जोरजोराने हलवल्याचा संशय होता, खटल्यापर्यंत तो गुदमरवण्यावर आला. दोष देण्यासाठी सांगत नाही. खुणा संदिग्ध असल्या की माणूस त्या आजूबाजूच्या माहितीच्या उजेडात वाचतो. दुसऱ्या मृत्यूने पहिल्याचा अर्थ बदलला, आणि बदललेल्या पहिल्याने दुसऱ्याला बळ दिलं. आणि ज्युरीने हे सगळं ऐकलं ते 'सात कोटींत एक' कानात घुमत असताना.

म्हणजे पुराव्याचे हे चार-पाच धागे एकमेकांपासून स्वतंत्र नव्हतेच. न्यायालयाने ते स्वतंत्र धरून मोजले: आकडा वजा केला, तरी एवढे उरतात. पण आकडा वजा केल्यावर उरलेले धागे तितकेच भक्कम राहतात का, हे विचारलं नाही. मेडोंनी दोन मृत्यू स्वतंत्र धरले. अपील न्यायालयाने आकडा आणि बाकीचा पुरावा स्वतंत्र धरले. ओलं सरपण तेच. एकाने ते गणितात ठेवलं, दुसऱ्याने निकालपत्रात.

ऑक्टोबर २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून सांगितलं की या आकड्याला संख्याशास्त्रात आधार नाही. जानेवारी २००२ मध्ये तिच्या अध्यक्षांनी लॉर्ड चॅन्सेलरना पत्र लिहिलं. एका विद्याशाखेने आपल्या प्रांतातल्या गैरवापराबद्दल न्यायव्यवस्थेला असं उघड सांगणं दुर्मीळ, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण सॅली क्लार्क तुरुंगातच होती.

ती सुटली ती एका कागदामुळे. तिचा नवरा आणि तिच्या बाजूचे वकील हॉस्पिटलच्या नोंदींचा पाठपुरावा करत राहिले. त्यात दुसऱ्या बाळाच्या नमुन्यांच्या जंतुतपासणीचे अहवाल मिळाले. शरीरात अनेक ठिकाणी, मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातसुद्धा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू सापडले होते. हा अहवाल १९९८ पासून पॅथॉलॉजिस्टला माहीत होता. त्यांना तो महत्त्वाचा वाटला नाही, आणि तो बचावापर्यंत पोचलाच नाही. बाळ संसर्गाने गेलं असण्याची शक्यता त्यामुळे खरीखुरी समोर आली. २९ जानेवारी २००३ रोजी दुसऱ्या अपिलात शिक्षा रद्द झाली. न्यायालयाने आकड्याबद्दलही लिहिलं: तो ज्युरीपुढे अशा रीतीने यायलाच नको होता, आणि त्या मुद्द्यावर संपूर्ण युक्तिवाद झाला असता तर बहुधा त्या एकाच कारणावर अपील मान्य झालं असतं.

'झालं असतं.' या दोन शब्दांपाशी मी दर वेळी थांबतो. तर्कातली चूक कळलेली होती, शास्त्राच्या लोकांनी छापून सांगितलेली होती, तरी दार उघडलं ते एका राहून गेलेल्या प्रयोगशाळेच्या कागदाने. तो कागद सापडला नसता तर? सॅली क्लार्क सुटल्यावर सावरली नाही. मार्च २००७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी ती गेली.

याच साखळीतला एक खटला आपल्याला जवळचा वाटेल. जून २००३ मध्ये रीडिंगच्या कोर्टात भारतीय वंशाच्या एका आईवर तीन बाळांच्या खुनाचा खटला संपला. मेडो तिथेही साक्षीदार होते. बचाव पक्षाने साक्षीला कुणाला उभं केलं? त्या बाईच्या ऐंशीच्या घरातल्या आजीला, गुजरातहून बोलावून. दुभाष्याच्या मदतीने आजीने सांगितलं की तिला बारा मुलं झाली आणि त्यांतली पाच तान्हेपणीच गेली. ज्युरीला निर्णयाला दीड तासही लागला नाही. आई निर्दोष सुटली.

बघा, त्या आजीला संभाव्यतेचं गणित कुठे येत होतं? पण एका घराण्यातले मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र नसू शकतात, हे तिच्या साक्षीने ज्युरीपुढे मूर्तिमंत उभं राहिलं. वात्स्यायनाच्या लक्षणाप्रमाणे त्या बाबतीत आप्त कोण, ते तुम्हीच ठरवा. वकिलाची हुशारी इथे दिसते. तज्ज्ञाच्या विरुद्ध मोठा तज्ज्ञ शोधत न बसता, तज्ज्ञाने जे गृहीत धरलं होतं त्याचा साक्षीदार त्याने शोधला.

आता कुणी म्हणेल, हे ज्युरीचे प्रश्न आहेत. आपल्याकडे ज्युरी नाही, शिकलेले न्यायाधीश आहेत. मला हे समाधान पुरेसं वाटत नाही. २००० सालचं ते अपील ज्युरीने नव्हे, तीन अनुभवी न्यायाधीशांनीच फेटाळलं होतं. आणि लांब कशाला, २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपी तरुणीला जन्मठेप दिली, त्यात एका मेंदू-चाचणीचा आधार घेतला होता. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, घटनेबद्दलची वाक्यं ऐकवायची, आरोपीने काही बोलायचं नाही, आणि मेंदूतल्या विद्युतलहरींवरून यंत्राने सांगायचं की या व्यक्तीला त्या कृत्याचा 'अनुभव' आहे. त्याच वर्षी बंगळूरच्या निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं की अशा चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. खटल्यातलं खरं-खोटं मी इथे ठरवत नाही. प्रश्न अनुमानाचा आहे. ज्या बाईला पोलिसांनी त्याच घटनेबद्दल वारंवार विचारलं, जिने ते आरोप मनात शंभरदा घोळवले, तिच्या मेंदूत 'अनुभव' आणि 'घोकलेला आरोप' यंत्राने वेगळे कसे केले? स्मृती आणि कल्पना यांतला भेद हा तत्त्वज्ञानातला जुना अवघड प्रश्न आहे. यंत्राने तो सोडवला असेल, तर कसा, हे सांगायची जबाबदारी यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्याची.

२०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. स्वागतच आहे. त्या निकालात विश्वासार्हतेचीही चर्चा आहे, पण त्याचा मुख्य पाया आहे तो कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही हा. म्हणजे आरोपीने संमती दिली, तर विश्वासार्हतेचा प्रश्न वकिलाला पुन्हा पहिल्यापासून विचारावाच लागणार.

आपल्या कायद्यात तज्ज्ञाच्या मताला जागा देणारं कलम १८७२ च्या पुरावा कायद्यात ४५ वं होतं, आता २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात ते ३९ वं आहे. कलमात मत ग्राह्य आहे एवढंच म्हटलंय. ते मान्य केलंच पाहिजे असं नाही. १९९९ मध्ये हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जय लाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तज्ज्ञाने निष्कर्ष देऊन थांबायचं नाही. तो निष्कर्ष तपासायची शास्त्रीय साधनं न्यायाधीशाच्या हाती द्यायची, म्हणजे न्यायाधीश स्वतःचं मत बनवू शकेल. किती नेमकं तत्त्व आहे! नैयायिकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

पण व्यवहार काय? फौजदारी प्रक्रिया संहितेत २९३ वं कलम होतं, नव्या संहितेत ते ३२९ वं झालं. त्यानुसार ठरावीक सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचा सही केलेला अहवाल, तो तज्ज्ञ कोर्टात न येताही, पुरावा म्हणून वापरता येतो. जुन्या कलमातल्या यादीत आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही होते. सोय म्हणून हे समजू शकतं. रासायनिक परीक्षकाने रोज किती कोर्टांत जायचं? तज्ज्ञाला बोलावण्याचा अधिकार कोर्टाला आहे. पण बोलावण्याची गरज पटवून देण्याचं काम बहुतेक वेळा बचावाच्या वकिलावरच पडतं. त्याने ते केलं नाही तर कागद बोलतो आणि कागदाची उलटतपासणी होत नाही. ओल्या सरपणाबद्दल विचारायचं कुणाला?

तेव्हा समारोपाकडे येताना, या खटल्यांतून मला दिसलेले चार प्रश्न सांगतो. कायद्याचे विद्यार्थी ऐकत असतील तर त्यांनी लिहून घ्यावेत. पहिला: हे विधान तुमच्या विद्याशाखेतलं आहे का, की तुम्ही शेजारच्या शेतात शिरलात? दुसरा: तुमचा निष्कर्ष कोणत्या पर्यायाशी तुलना करून काढलात, आणि तो पर्याय किती संभाव्य होता? तिसरा: तुमच्या मताला आधार देणाऱ्या गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या आहेत का, एक काढली तर दुसरी उभी राहते का? आणि चौथा: कोणत्या चाचण्या केल्या, त्यांचे सगळे निकाल या फायलीत आहेत का, तुम्हाला बिनमहत्त्वाचे वाटले तेसुद्धा?

यांतल्या एकाही प्रश्नात तज्ज्ञाचा अपमान नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं असा समज आहे, आणि कोर्टातही तो शिरतो. मग वकील एक तर गप्प बसतो, नाही तर तज्ज्ञाच्या पदव्यांवर आणि मानधनावर घसरतो. दोन्हींत मूळ अनुमान तसंच्या तसं राहतं. आपल्या परंपरेत वाद हा शब्द तत्त्वबोधासाठी केलेल्या चर्चेला आहे. जिंकण्यासाठीच्या चर्चेला जल्प म्हणतात, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडत बसणाऱ्या चर्चेला वितंडा. फौजदारी कोर्टातली उलटतपासणी बहुतेक वेळा जल्पासारखीच चालते, हे मला मान्य आहे. पण तज्ज्ञापुढे उभं राहताना तरी तिने वादाच्या जवळ जावं, असं मला वाटतं. कारण तिथे न्यायाधीशाला शहाणं करायचं असतं, आणि समोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाची उरलेली वर्षं त्यावर अवलंबून असतात.

आज इतकंच. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी आधी तेच घेऊ.